म्हातारी मांजर आणि देवावरचा भरवसा



मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलीसाठी मांजराचं पिल्लू आणायला गेलो होतो, काही प्राणीमित्र चालवतात त्या निवाऱ्यात. जळगावला घरी परत आलो ते मात्र नऊ वर्षांची, एक कान फाटलेली मांजर घेऊन. तिला सांभाळणाऱ्या आजी वारल्या होत्या. पिल्लं भराभर लोक घेऊन जात होते, हिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

घरात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या, "हाई म्हतारी मांजर कसाले लयनी व माय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना देवाला म्हटलं होतं, योग्य तेच घडू दे. पण खरं सांगते, कौल मिळाला नाही की स्वप्न पडलं नाही. तिच्या पिंजऱ्यासमोरून पाय निघेना, एवढंच.

पहिले दहा दिवस ती कपाटामागेच बसून होती. मग खाणं सोडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं कमजोर झाल्याचं सांगितलं. औषधं, वेगळं खाणं, पुन्हा तपासणी. त्या रात्री मनात आलंच, ही वाट देवाने दाखवली असती तर एवढा त्रास झाला असता का? त्यात मुलीने विचारलं, "आई, ती लवकर मरणार असेल तर आपण तिला आणलीच कशाला?"

आपण वर्गात संतांच्या गोष्टी सांगतो. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. एकनाथांनी रामेश्वरासाठी नेत असलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं. या दोघांनी आधी देवाकडे खूण मागितली नाही. समोर भुकेला, तहानलेला जीव दिसला, त्यातच त्यांना देव दिसला. बदल्यात काय मिळेल हेही विचारलं नाही.

आपण मुलांना मात्र वेगळाच भरवसा शिकवतो. नारळ फोड, पेपर सोपा जाईल. नवस बोल, नंबर येईल. मग पेपर अवघड गेला की मुलाचा देवावरचा विश्वास जातो आणि स्वतःवरचाही. माझ्या मते देवावर भरवसा म्हणजे चांगल्या निकालाची हमी नव्हे. योग्य वाटलेलं काम निकाल माहीत नसताना हाती घेणं आणि अडचण आली तरी न सोडणं, हा भरवसा. त्यात डॉक्टरकडे जाणंही आलं. नुसता अंगारा लावून मूत्रपिंडं सुधारत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची कामं ते न बोलता स्वतः करत. मुलं त्यातूनच शिकली. प्राणिमात्रांविषयी दया हे संविधानातलं मूलभूत कर्तव्य आहे, कलम 51 अ मध्ये ते दिलेलं आहे. आपण ते पाठ करून घेतो. पण घरात, शाळेच्या आवारात मुलांना ते दिसतं का?

मांजर आणायचा विचार असेल तर मोठ्या वयाचीही बघा. मांजर 12 ते 15 वर्षं सहज जगते. तिला सुरुवातीला एक शांत खोली द्या, रेबीजची लस द्या, जंताचं औषध द्या. दूध पाजण्याची घाई नको, मोठ्या मांजरांना ते बऱ्याचदा पचत नाही. स्वच्छ पाणी मात्र कायम हवं. आणि खर्च झेपणार नसेल तर आणू नका, तेही प्रामाणिकपणाचंच आहे.

मुलीला मी सांगितलं, "थोडे दिवस उरले असतील तर तेवढ्या दिवसांसाठी तरी तिला घर नको का?" ती काही बोलली नाही. उठून कपाटापाशी जाऊन बसली.

आता मांजर खिडकीत ऊन खात बसते. अजून किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत. सासूबाईंची कुरकुर चालूच आहे, पण सकाळी तिच्या वाटीतलं पाणी त्याच बदलतात.