टूलबार कुणाच्या मालकीचा?

विंडोज एक्स्पीमध्ये कुठलाही फोल्डर उघडावा, वरच्या टूलबारवर राइट-क्लिक करून ‘कस्टमाइझ’ म्हणावे, की दोन याद्यांची एक चौकट समोर येई. डावीकडे मिळू शकणारी बटणे, उजवीकडे सध्या लावलेली. हवे ते इकडून तिकडे न्यायचे, नको ते परत पाठवायचे, क्रम वर-खाली करायचा, बटणाला नाव हवे की नुसते चित्र पुरे तेही सांगायचे. काही बिघडलेच तर ‘रिसेट’ होतेच. ही २००१ सालची सोय. त्या डाव्या यादीत ‘मूव्ह टू’ आणि ‘कॉपी टू’ अशी दोन बटणे पडून असत. मुळात ती टूलबारवर नसत. पण लग्नाचे हजारभर फोटो ‘अल्बमसाठी’ आणि ‘नको’ अशा फोल्डरांत निवडून टाकणाऱ्या स्टुडिओवाल्याने ती एकदा लावून घेतली, की त्याची लग्नसराई बरीच सुसह्य होई.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आले आणि ही चौकटच गेली. तिच्या जागी आलेली पट्टी आपल्या मनाने बदलत असे. फोटोंच्या फोल्डरात एक प्रकारची बटणे, गाण्यांच्या फोल्डरात दुसरीच. वापरणाऱ्याला मात्र तिच्यात एक बटण घालायची सोय नव्हती, काढायचीही नाही. एवढ्यावर भागले नाही. एक पायरी वरच्या फोल्डरात नेणारे ‘अप’ बटणही काढून टाकले. पत्त्याच्या पट्टीत फोल्डरांची नावे ओळीने दिसतातच, त्यांवर क्लिक करा, असा त्यामागचा विचार. तो वाईट होता असेही नाही. पण नावे लांब असली की ती ओळ आखडते, आणि क्लिक करायची जागा दर वेळी सरकते. बटण जागचे हलत नाही, म्हणूनच त्याच्याकडे न बघता हात जातो. ‘ऑल्ट’ धरून वरचा बाण दाबला की हेच काम होते, हे ज्यांना ठाऊक होते ते सुटले. बाकीच्यांपैकी काहींनी ‘क्लासिक शेल’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घेतला आणि गेलेले बटण मागच्या दाराने परत आणले.

मग २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच आकडे जाहीर केले. फाइल हाताळताना लोक ज्या आज्ञा देतात त्यांत पेस्ट, कॉपी, डिलीट, रिनेम अशा अवघ्या दहा आज्ञांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक. निम्म्याहून जास्त वेळा लोक राइट-क्लिकच्या मेन्यूतून काम करतात, साधारण एक तृतीयांश वेळा कीबोर्डवरून. वरच्या पट्टीच्या वाट्याला जेमतेम ११ टक्के. एवढेच वाचून कुणीही म्हणेल, लोकांना पट्टी नकोच आहे. पण त्याच निवेदनात पुढे कबुली होती की त्या पहिल्या दहा आज्ञांपैकी केवळ दोनच पट्टीवर उपलब्ध होत्या! जिथे काही मिळतच नाही त्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, याची नोंद व्हायला चार वर्षे लागली. ‘अप’ बटण परत द्या, ही तर सर्वाधिक लोकांची मागणी निघाली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते परत आले. सोबत आज्ञांची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली आणि तिच्यातली कुठलीही आज्ञा राइट-क्लिक करून लावता येईल अशी एक छोटी पट्टीही मिळाली. रिबन पुष्कळांना अवजड वाटली, आम्हालाही वाटली. पण ती छोटी पट्टी फार शहाणपणाची होती. स्टुडिओवाल्याला त्याची दोन बटणे परत मिळाली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले आणि रिबनबरोबर ती छोटी पट्टीही गेली. आता वर कट, कॉपी, पेस्ट, रिनेम, शेअर, डिलीट यांची नाजूक चित्रे आहेत, नावाशिवाय. त्यांत आपले एकही बटण घालता येत नाही. ज्या राइट-क्लिकच्या मेन्यूतून निम्म्याहून जास्त वेळा काम होत होते तोही छाटला आणि जुना मेन्यू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड गेला. त्या मेन्यूत वाटेल त्या प्रोग्रामने आपापली ओळ घुसवून तो हातभर लांब केला होता, ही कंपनीची तक्रार खरी आहे. मग कुठली ओळ ठेवायची आणि कुठली उडवायची हे ज्याचा मेन्यू त्यालाच विचारायला काय हरकत होती?

अशा कपातीच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की, टूलबार बदलणारे लोक थोडेच असतात. असतीलही. सोय आडबाजूला ठेवायची, तिच्याबद्दल कुणाला काही सांगायचे नाही आणि मग डोकी मोजायची, तर संख्या लहानच भरणार. शिवाय हे थोडे लोक कोण, हे त्या आकड्यात दिसत नाही. महिन्यातून एकदा विजेचे बिल शोधणारा आणि दिवसभर पुस्तकाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशा फायली इकडून तिकडे नेणारा डीटीपीवाला, दोघेही मोजणीत एकेकच. पहिल्याला टूलबार कसाही चालतो. दुसऱ्याची रोजीच त्याच्यावर आहे. शिंप्याने कात्री कुठे ठेवावी हे मशीनच्या कारखान्याने ठरवावे, तसा हा कारभार.

बरे, फोल्डर दाखवणाऱ्या या खिडकीची, म्हणजे फाइल एक्सप्लोररची, जागा पवित्र आहे, तिथे गर्दी नको, असे म्हणावे तर तेही खरे नाही. २०१७ मध्ये विंडोज १० च्या याच खिडकीत कंपनीच्याच वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणुकीची वर्गणी भरा म्हणून सांगणारी पट्टी झळकत होती. ती बंद करायची खूण ‘सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स’ अशा भारदस्त नावाखाली फोल्डर ऑप्शन्सच्या तळाशी होती. २०२२ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत पुन्हा जाहिरात दिसली, तेव्हा तो केवळ प्रयोग होता, बाहेर दिसायला नको होता, असा खुलासा झाला. म्हणजे कंपनीच्या पट्टीला जागा निघते, आमच्या बटणाला निघत नाही.

दुसरीकडे हे जमते कसे ते पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांचा टोटल कमांडर हा फायली हाताळायचा प्रोग्राम १९९३ पासून चालू आहे. त्याच्या बटणांच्या पट्टीवर एखादा प्रोग्राम नुसता ओढून टाकला की त्याचे बटण तयार होते. अख्खी पट्टी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर तीच बटणे लावा. दिसायला हा प्रोग्राम जुनाट आहे, आणि त्याच्या चाहत्यांना त्याचे काहीही वाटत नाही. लिनक्सवरच्या डॉल्फिन या तशाच प्रोग्राममध्ये एक्स्पीची ती दोन याद्यांची चौकट अजून तशीच भेटते. आणि वापरणाऱ्याच्या हाती फार काही देऊ नये अशी ख्याती असलेल्या ॲपलनेसुद्धा मॅकच्या फाइंडरमध्ये बटणे ओढून लावायची मुभा ठेवली आहे. कमांडची कळ धरून एखादा फोल्डरच टूलबारवर नेऊन ठेवता येतो. तेव्हा सोपेपणा हवा असेल तर मुभा काढून घ्यावीच लागते, हा युक्तिवाद टिकत नाही.

एक आक्षेप मात्र मानायला हवा. प्रत्येकाने आपापला टूलबार मांडला की दुसऱ्याच्या संगणकावर माणूस चाचपडतो. फोनवरून ‘वर तिसरे बटण दाब’ असे भाच्याने मामाला सांगायची सोय राहत नाही. संगणकाचे वर्ग घेणाऱ्यांना तर सगळी यंत्रे एकसारखीच हवीत. त्यावर उपाय एक्स्पीच्या चौकटीतच होता, त्याचे नाव ‘रिसेट’. मूळ मांडणी सगळ्यांना सारखी द्यावी आणि ज्याला बदलायची आहे त्याला बदलू द्यावी. बटणे लावण्यातच दुपार घालवणारे हौशी असतात हेही खरे, पण त्यांची दुपार कंपनीच्या पगारातून जात नाही.

तोवर स्टुडिओवाल्यासाठी एक जुनी वाट शिल्लक आहे. पत्त्याच्या पट्टीत ‘शेल’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यांना चिकटून ‘सेंडटू’ असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. उघडणाऱ्या फोल्डरात आपल्या नेहमीच्या फोल्डरांचे शॉर्टकट टाकले, की ते राइट-क्लिकच्या जुन्या मेन्यूत ‘सेंड टू’खाली हजर होतात. विंडोज ९५ पासूनची ही सोय अजून वापरणाऱ्याच्या ताब्यात आहे. ती अद्याप कुणाच्या डोळ्यांवर आलेली दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे याहून जास्त न लिहिलेले बरे.