पंढरीची छोटी गाडी

मैत्रिणींनो, आषाढ जवळ आला की घरातली वडीलधारी माणसं जरा गप्प गप्प होतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? आमच्या सासूबाई तर दरवर्षी एकच विचारायच्या, “औंदा तरी पंढरीला जाऊ या का गं?” आणि नऊ वर्षं माझं उत्तर तयार असायचं. शाळा नुकतीच सुरू झालीय, धाकट्याला ताप आहे, पाहुणे यायचेत!

त्यांचं माहेर सांगोल्याकडचं. लग्नानंतर कोल्हापूरहून मिरजेला यायचं आणि तिथून छोट्या गाडीनं माहेरी जायचं. लहानपणी मीही आजीबरोबर त्या गाडीनं पंढरपूरला गेले आहे. कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला करत ती इतकी सावकाश जायची, की आजीचा हरिपाठ दोनदा व्हायचा. आषाढीला तर टपावरही माणसं बसलेली!

या गाडीची गोष्ट मोठी गमतीची आहे. मोठ्या रेल्वेनं बार्शी गाव बाजूला टाकलं होतं. तेव्हा कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अवघ्या अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये, अशी डब्यांची नि इंजिनांची रचना केली, म्हणून हलके, स्वस्त रूळ चालले. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ साली मिरजेला. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली. तिकडे जपानात इसे इथल्या देवस्थानाला जाणारी ‘सांगू’ लाइन आहे. नावाचा अर्थच देवस्थानाची यात्रा. तीही इसे गावात पोहोचली ती १८९७ सालीच! देव वेगळे, पण म्हाताऱ्या पायांची अडचण सगळीकडे सारखीच, नाही का?

तर गेल्या वर्षी लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, “आता राहू दे. गुडघे ऐकत नाहीत. इथूनच हात जोडते.” रागानं नव्हे, अगदी शांतपणे. तेच मला लागलं. मी दरवर्षी माहेरी जाते, आणि त्यांचं माहेर मीच नऊ वर्षं अडवून धरलं होतं.

एकादशीची गर्दी टाळून आम्ही कार्तिकानंतर एका साध्या वारी निघालो. आता रूळ मोठे झालेत. कोल्हापूरहून मिरजेमार्गे पंढरपूरला थेट गाडीही मिळते. मिरजेला त्या खिडकीतून शोधत राहिल्या. “आपली छोटी गाडी कुठाय गं?” मी म्हटलं, “आई, ती गेली. पण वाट तीच आहे.” सांगोला आलं तेव्हा त्यांनी खिडकीतूनच हात जोडले. विठोबाला की माहेराला, मी विचारलं नाही.

तुम्हीही कुणाला नेणार असाल तर एवढं करा. आरक्षण करताना खालचा बर्थ मागा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरूनच घ्या. गोळ्यांची पुडी पर्समध्ये वेगळी ठेवा. नाव आणि आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या कनवटीला असू द्या. रांगेत फार वेळ उभं राहवत नसेल तर मुखदर्शन घ्या. पायावर डोकं टेकता आलं नाही म्हणून हळहळू नका.

आणि मुख्य म्हणजे, “पुढच्या वर्षी बघू” हे वाक्य यंदा म्हणू नका. छोटी गाडी पुढच्या वर्षीही असेल, असं आम्हालाही वाटायचं.