'द स्मिथ्स' : माझा पहिला नंबर

मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या बँडचे स्टुडिओत केलेले अल्बम अवघे चार. १९८४ पासून दरवर्षी एक. १९८७ साली चौथा बाजारात येईपर्यंत बँड मोडलाही होता. जाणकारांनी त्यांची क्रमवारी कधीच लावून टाकली आहे. पहिला 'द क्वीन इज डेड' (१९८६). 'एनएमई' या तेव्हाच्या ब्रिटिश साप्ताहिकाने तर २०१३ साली आजवरच्या सगळ्या अल्बमांत त्याला पहिले स्थान दिले. मला हे मान्य नाही. माझ्या यादीत पहिला 'मीट इज मर्डर' (१९८५).

कारण त्यातले पहिलेच गाणे. 'द हेडमास्टर रिच्युअल' हे मँचेस्टरच्या शाळांतल्या मारकुट्या मास्तरांवर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी गाण्यातले निम्मे शब्द निसटतात, कोश काढावा लागतो. हे गाणे मात्र कोशाशिवाय कळले. पाढा चुकला की तळहातावर बसणारी निरगुडीची छडी मी विसरलेलो नाही. घरी सांगायची सोय नव्हती. मास्तर भल्यासाठीच मारतात म्हणून वर आणखी दोन मिळत. ब्रिटनमध्ये सरकारी शाळांतली छडी १९८७ साली कायद्याने थांबली, आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. माझी शाळा त्यानंतरची, हे मुद्दाम सांगतो.

याच अल्बममध्ये 'बार्बेरिझम बिगिन्स ॲट होम' आहे, म्हणजे घरचा मार. जवळजवळ सात मिनिटांचे गाणे, आणि ते पेलले आहे अँडी रुर्कच्या बेस गिटारने. विषय मारहाणीचा आणि पाय मात्र ठेका धरतात! एरवी रुर्कला कोण मोजतो? रेकॉर्डच्या कमाईत गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार यांचा वाटा शंभरात चाळीस-चाळीस, रुर्कचा दहा. (गिटारवाल्याचे आडनाव 'मार' असावे हा योगायोगच. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तो माझ्याच वयाचा, १९ वर्षांचा होता.)

अल्बमला नाव देणारे शेवटचे गाणे मात्र मी ऐकत नाही. मांस खाणे म्हणजे खून, हा त्याचा सरळ उपदेश. आमच्याकडे रविवारी मटण शिजते, तेही परवडले तर. आम्ही काय खावे हे आम्हाला पुष्कळांनी ऐकवले आहे. मॉरिसीकडूनही तेच कशाला ऐकू? तरीही नंबर पहिलाच.

दुसरा 'क्वीन'. बांधणीत तो सरस, हे कबूल. पण त्यातल्या एका गाण्यात कीट्स, येट्स, वाइल्ड यांची नावे येतात आणि मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वाटते. तिसरा 'स्ट्रेंजवेज, हियर वी कम' (१९८७). मॉरिसी आणि मार या दोघांचाही हाच आवडता. शेंडेफळ लाडके असायचेच. शेवटी पहिला, बँडच्याच नावाचा (१९८४). तो एकदा ध्वनिमुद्रित करून टाकून दिला आणि पुन्हा केला, तरी ऐकायला मिळमिळीतच. त्यातली काही गाणी बीबीसी रेडिओसाठी वाजवली ती कितीतरी जिवंत आहेत. ती त्याच वर्षीच्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संग्रहात मिळतात.

होस्टेलच्या खोलीतला माझा मित्र 'क्वीन'वरून हलायला तयार नाही. त्याच्या शाळेत म्हणे छडीच नव्हती.