कोऱ्या यंत्राची कसोटी

शाळेच्या हजेरीपटापासून कार्यालयाच्या वेतनबिलापर्यंत धाराशिव जिल्ह्याचे बरेचसे दप्तर आज संगणकात आहे. त्याचा ‘बॅकअप’ घेतला की सारे निश्चिंत! ही निश्चिंती फसवी आहे. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले; न्हावा-शेवा बंदरातील तिचा धक्काही ठप्प झाला. दहा दिवसांत 45,000 संगणक व 4,000 सर्व्हर नव्याने उभारावे लागले. माहितीच्या प्रती होत्या. परंतु कोणाला कोठे प्रवेश द्यावयाचा हे ठरविणारे सर्व्हर एकमेकांचीच नक्कल ठेवीत, म्हणून ते एकदमच बुडाले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही ऐनवेळी तेथील वीज गेली होती म्हणून! (भारनियमनाचा असा उपयोग आपल्याकडे कोणाच्या ध्यानीमनी नसेल.)

एकाच छताखालचे सारे एकदम गाडले जाते, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूर परिसराने पाहिलेच आहे. तेव्हा एक प्रत तारेपासून तोडून दुसऱ्या गावी ठेवावी. परंतु ती प्रत जिवंत आहे की नाही, हे कोण पाहणार? दिवाळीच्या सुटीत वा मार्चअखेरीनंतरच्या उसंतीत एखादा जुना संगणक पूर्ण पुसावा, त्यावर केवळ त्या प्रतीच्या आधारे सारे दप्तर पुन्हा उभे करावे, आणि किती तास लागले ते नोंदवहीत लिहून ठेवावे.