सायनासाठी आता निवृत्तीच रास्त

बंगळुरू, सप्टेंबर 2024 : गुडघ्यांना संधिवात झाला असून कूर्चाही झिजली आहे, निवृत्तीबाबत वर्षअखेरपर्यंत निर्णय घ्यावा लागेल, असे सायना नेहवालने नुकतेच सांगितले. जून 2023 नंतर ती एकही स्पर्धा खेळलेली नाही. तरीही पुनरागमनाची आशा कुणाला वाटत असेल, तर तिचे मूळ बंगळुरूतच आहे.

रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावल्यानंतर ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. येथील प्रकाश पदुकोण अकादमीत विमल कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ती पुन्हा उभी राहिली. जानेवारी 2017 मध्ये मलेशिया मास्टर्सचे विजेतेपद आणि ऑगस्टमध्ये ग्लासगोत जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक तिने मिळवले. मात्र ती दुखापत होती, ही झीज आहे. शस्त्रक्रियेने झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

बंगळुरूचाच टेनिसपटू रोहन बोपण्णा याचे उदाहरण साहजिकच पुढे येते. कूर्चा झिजलेल्या गुडघ्यांना अय्यंगार योगाचा आधार देत त्याने यंदा 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद पटकावले. पण दुहेरीत निम्मे कोर्ट जोडीदार सांभाळतो. बॅडमिंटन एकेरीत जाळीजवळचे प्रत्येक शटल उचलताना शरीराचा सारा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. आठ-नऊ तासांचा सराव आता झेपत नाही, हे सायनानेच मान्य केले आहे. दोन तासांच्या तयारीवर अव्वल खेळाडूंना हरवता येणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. लंडनचे ऑलिंपिक कांस्य आणि 2015 मधील जागतिक अग्रस्थान गाठीशी असताना पात्रता फेऱ्यांसाठी चौतिसाव्या वर्षी गुडघे पणाला लावण्याचे कारण उरत नाही.