‘असूड’ कोणी अडविला?

ग्रंथकाराची उपेक्षा झाली म्हणजे आपण लागलीच सरकारास दोष देऊन मोकळे होतों. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथाविषयीं हा हिशेब जुळत नाहीं, आणि जुन्नर तालुक्यांतील वाचकांनीं तरी तो तपासून पाहावा.

१८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें नाकारलें, आणि तें छापून निघावयास १९७९ साल उजाडावें लागलें. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ निघाली; १८८३ सालीं ‘असूड’ लिहून पुरा झाला. त्यांतील सत्ता दरबारांतली नव्हे. कुळकर्ण्याचें दप्तर, मामलेदाराची कचेरी, कोर्टाचा कारकून आणि साहुकाराची खातेवही ह्यांतून जी सत्ता शेतकऱ्यावर रोज चालते, तिची ती झडती आहे.

असा ग्रंथ छापणार कोण? नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी व गिरणीकामगारांचे कैवारी. त्यांच्या ‘दीनबंधु’ पत्रानें पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि पुढें हात आखडला. पत्र चालविणाराच्या अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. एका खटल्यानें छापखान्यास कुलूप लागतें. तथापि येथें आडवें आलें तें घरचेंच पत्र, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जोतीरावांनींही ती झांकली नाहीं.

छापखाना मिळेना, पण श्रोते मिळाले. लिहून होईल तसतसा ग्रंथ ते वाचून दाखवीत. ज्या गांवीं तो वाचला त्यांत मुंबई, पुणें, ठाणें यांच्याबरोबर जुन्नर व ओतूर हीं नांवें त्यांनीं स्वतः नोंदविलीं आहेत. ह्याच ओतुरास बाळाजी कुसाजी पाटील यांनीं भटजीवांचून लग्न लावलें व दक्षिणेच्या दाव्यास तोंड दिलें. ह्या भागांतले श्रोते नुसत्या माना डोलविणारे नव्हते, हें उघड आहे.

१८८८ सालीं अर्धांगानें उजवा हात गेला, तेव्हां जोतीराव डाव्या हातानें लिहूं लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. पुढें १९६९ सालीं राज्याच्या साहित्य संस्कृति मंडळानें त्यांचें समग्र वाङ्मय प्रसिद्ध केलें व त्यांत ‘असूड’ आला. सरकारी अंमलदारांवर ओढलेला असूड सरकारी मंडळानेंच छापावा, ह्याची मौज कोणासही वाटेल!

आतां पुतळे आहेत, जयंत्या आहेत. बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकांठच्या गांवीं मात्र पांचही प्रकरणें चावडीवर मोठ्यानें वाचलीं जावींत, अशी आमची सूचना आहे. चार प्रतींचा खर्च बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांनीं उचलावा. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, धंद्याचे वैरी नव्हते. वाचतांना साहुकारांविषयींचा मजकूर गाळूं नये, एवढीच आमची अट आहे.