भीतीला शिस्त म्हणू नका

मागच्या पावसाळ्यात उचगावच्या एका ख्रिस्ती घरी कुटुंबभेटीला गेलो होतो. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आई घरी शिवणकाम करणारी, मुलगा तिसरीत. जपमाळेची प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मग आईने बिचकत विषय काढला. दर सोमवारी सकाळी मुलाच्या पोटात दुखते. डॉक्टरांनी तपासले, पण दोष सापडला नाही. रविवारी संध्याकाळपासूनच पोर गप्प होते. वडिलांनी तिला मध्येच थांबवले. "फादर, सगळी नाटकं आहेत त्याची. तुम्हीच जरा दम भरा. आणि शाळेतल्या बाईंना सांगा, हात आखडता घेऊ नका म्हणावं." मुलगा दाराआड उभा होता. त्याने ते ऐकले.

माझा रोष त्या वडिलांवर नाही. ही भाषा त्यांना आम्हीच शिकवली आहे. कॅथलिक शाळा म्हणजे शिस्त, अशी आपली ख्याती. त्या ख्यातीवर आपण प्रवेशाच्या रांगा लावल्या, स्मरणिका छापल्या, स्नेहसंमेलने गाजवली. या शब्दाखाली काय काय झाकले गेले, ते मात्र आपण कधी उघडून पाहिले नाही. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहिलेले मूल मी पाहिले आहे. बापाच्या खिशातली टंचाई मुलाने सर्वांसमोर मिरवायची, ही कोणती शिस्त?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी माझे सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका गावी शाळेचा व्यवस्थापक असताना मी चौथीतल्या एका मुलाला परिपाठाच्या रांगांसमोर गुडघ्यांवर उभे केले. अपराध एवढाच, की तो रोज उशिरा येई. आईबाप ऊसतोडीला जात आणि धाकट्या बहिणीला अंगणवाडीत पोहोचवून तो शाळेत येई, हे मला महिन्याभराने कळले. मी त्याची माफी मागितली नाही. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. नऊ वर्षांच्या मुलापुढे माफी कशी मागावी, हे काही शिकवले नाही.

ज्यांची नावे आपण शाळांना देतो त्या संतांचे तरी आपण ऐकतो काय? संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. मुलांना मारणे, त्रासदायक रीतीने गुडघ्यांवर बसवणे, कान ओढणे या गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. तुरीनच्या रस्त्यांवरची, कारागृहाच्या वाटेवर असलेली मुले हाताशी घेऊन त्यांनी हे लिहिले. सुखवस्तू घरांतली आज्ञाधारक मुले समोर बसवून नव्हे. आपण दर ३१ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे कान ओढतो.

फार लांब जाण्याचेही कारण नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या कायद्यात दंड होता, दरमहा एक रुपया. पण तो मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला होता, मुलाला नव्हे. याच कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले. भीतीच्या जागी आनंद आणि अनुभव ठेवूनही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा चालते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या २०२० साली गेल्या. आपल्यापैकी किती व्यवस्थापकांनी कधी त्या शाळेची पायरी चढली? मीही फार उशिरा चढलो.

आता एक अप्रिय गोष्ट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली. तो वाद न्यायाधीशांनी मिटवावा. संस्था चालवण्याचे आपले स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. परंतु प्रवेशाच्या प्रश्नावर मिळालेल्या या मोकळिकीत ते सतरावे कलमही वाहून गेले, याची खंत मी आपल्या एकाही सभेत ऐकली नाही. जे कायद्याने सरकारी शाळेतल्या मास्तरांना बजावले, ते आपण शुभवर्तमानाच्या नावाने आधीच पाळायला नको होते काय? प्रत्येक शाळेने ते कलम स्वेच्छेने आपल्या नियमावलीत लिहावे आणि प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हाती द्यावे. त्याला कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

काहीजण नीतिसूत्रांच्या पुस्तकातील छडीचे वचन काढून दाखवतील. संत मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एका बालकाला बोलावून शिष्यांच्या मध्यभागी उभे केले. आपणही मुलांना सर्वांच्या मध्यभागी उभे करतो. कशासाठी, ते प्रत्येकाने आठवावे.

हल्ली एक नवी टूम निघाली आहे: वर्षातून एकदा समुपदेशकाचे व्याख्यान ठेवायचे, छायाचित्र काढायचे आणि मुलांचे मानसिक आरोग्य सांभाळले म्हणायचे. समुपदेशक अवश्य असावा. पण साठ मुलांचा वर्ग आणि तुटपुंजा पगार ज्या बाईंच्या माथी मारला आहे, त्यांच्याकडून अखंड सौम्यतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्यांचा वैताग शेवटी तिसरीतल्या बाकावर उतरतो. त्याचे उत्तरदायित्व आम्हा व्यवस्थापकांचे आहे.

उचगावच्या त्या मुलाचे कोडे आईनेच सोडवले. सोमवारी पहिला तास गणिताचा. पाढे चुकले की त्याला पहिलीच्या वर्गात नेऊन बसवत. मी त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "फादर, पालकांनाच हे हवं असतं."

त्याच संध्याकाळी पुन्हा उचगावला गेलो. वडील नुकतेच पाळीवरून आले होते. मी सारे सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिलीत? एवढ्या लहान पोरांत बसवलं त्याला?"